नक्षीकाम विभागाच्या स्लाइड्स

शनिवार, ४ ऑक्टोबर

कैरोहून पत्र आलं. नक्षीकाम विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे संचालक मंडळ नोव्हेंबरात ठरवणार. त्याआधी विभागाची बाजू स्लाइड्सवर मांडावी. वेळ वीस मिनिटं. मांडणारा: मी.

निवड योग्य आहे. विभागप्रमुख मीच असल्यामुळे दुसरं कोणी नव्हतं हे खरं, पण असतं तरी मलाच निवडलं असतं.

विभागात तेवीस कारागीर. त्यातला एक अवद, माझ्या बायकोचा भाऊ. खुर्चीच्या पाठीवर गुलाब कोरतो. दुसरं काही करत नाही, येतही नाही.

नगवाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू तिथे सांगणार काय? मी म्हणालो, काय सांगायचं यापेक्षा कसं दाखवायचं याला महत्त्व असतं. ती म्हणाली, राफत, माझ्या भावाचं पोट आहे ते, दुकानाची काच नाही. आणि मुलुखियाच्या भाजीचं पातेलं टेबलावर जरा जोरात ठेवलं.

बायका पटकन घाबरतात.

संकल्प: लोक जन्मभर विसरणार नाहीत असं सादरीकरण करायचं.

रविवार, ५ ऑक्टोबर

हिशेब विभागातल्या मादाम इब्तिहाल यांनी आकडे दिले. सगळे मिळून एक कागद. तीन वर्षं नक्षीच्या फर्निचरची मागणी वाढते आहे. मुलीला लग्नात सोनेरी नक्षीच्या खुर्च्या-कोचांचा दिवाणखाना दिल्याशिवाय आपल्याकडच्या आयांना झोप येत नाही. शिवाय आखातातल्या ऑर्डरी. हे मला माहीत होतं, पण इतकं स्पष्ट माहीत नव्हतं.

मादाम म्हणाल्या, बाशमुहंदिस, हा कागद मंडळाच्या जनरलसाहेबांच्या हातात द्या. 'वाढतंय' एवढं म्हणा. चहा घ्या आणि परत या.

मी हसलो. गुणी बाई. पण दृश्य माध्यमाची जाण नाही.

(मी इंजिनिअर नाही. इथे टाय लावणाऱ्या कुणालाही बाशमुहंदिस म्हणतात. मी कधी नाकारलं नाही.)

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मनसूराला जाऊन आलो. 'प्रभावी सादरीकरण', एक दिवसाचा कोर्स, हॉटेलात, जेवणासकट. शिकवणारे डॉक्टर नझीह. कशाचे डॉक्टर ते कळलं नाही, पण कोट उत्तम होता.

बरंच शिकलो. शब्द हे स्लाइडचे शत्रू. आकडे हे शब्दांहून मोठे शत्रू. स्लाइड श्वास घेते, तिला जागा द्या. बोलताना मध्येच थांबा. थांबलेला माणूस विचार करतोय असं वाटतं.

सगळ्यात मोलाचं: पुलाचं तंत्र. प्रश्न आला की आधी मान्य करायचं. 'अगदी बरोबर बोललात.' हा पूल. समोरचा माणूस पुलावर आला की त्याला हळूच आपल्या बाजूला आणायचं. कसं आणायचं हे जेवणानंतर होतं. जेवणानंतर प्रमाणपत्रं वाटली आणि डॉक्टरांना निघायचं होतं. तो भाग वरच्या कोर्समध्ये आहे.

प्रमाणपत्र नगवाला दाखवलं. ती म्हणाली, चौकट अवदकडून करून घे, फुकट करेल. सध्या तरी करेल.

शनिवार, ११ ऑक्टोबर

एका परदेशी साइटवरून स्लाइड्सचा तयार साचा विकत घेतला. काळ्यावर सोनेरी. किंमत नगवाला सांगितली नाही. गुंतवणूक आहे.

संध्याकाळी अवद आला होता. मी आतल्या खोलीत फॉन्ट बघत होतो. नगवाने दोनदा दार वाजवलं. म्हटलं, पाच मिनिटं. अरबी फॉन्ट निवडणं सोपं नसतं. एक मशिदीच्या दारावरचा वाटतो, दुसरा औषधाच्या खोक्यावरचा. बाहेर आलो तेव्हा अवद जेवून गेला होता.

नगवा म्हणाली, त्याला एवढंच विचारायचं होतं की आपल्या दालियाच्या वयाची त्याची पोरगी, वसंतात तिचं लग्न, हॉलचे पैसे आत्ता भरायचे की थांबायचं.

मी म्हणालो, भर म्हणावं.

ती म्हणाली, तू सांग ना मग.

उद्या सांगेन. (फॉन्ट अजून ठरला नाही.)

मंगळवार, १४ ऑक्टोबर

संकल्प केला होता, दहाच स्लाइड्स. आज मोजल्या. एकेचाळीस. पण त्यातल्या अकरा नुसत्या काळ्या आहेत, श्वासासाठी.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कारखान्यात फोटो काढले. कारागिरांना आधी समजावलं की तुमची कला कैरोपर्यंत पोचवतोय. सगळ्यांनी हात धुतले, दोघांनी केस विंचरले. एकजण घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला.

अवदला म्हटलं, कोरताना हस. तो म्हणाला, अबू दालिया (दालियाचा बाप, म्हणजे मी), हसू की कोरू? दोन्ही केलं तर अंगठा जाईल. पलीकडून कोणीतरी ओरडलं, अंगठ्याचा फोटो घ्या बाशमुहंदिस, लवकर दया येईल. सगळे हसले. अवदही हसला. तो क्षण मी टिपला. छिन्नी हातात, हसू चेहऱ्यावर. जगात कुठेही छापावा असा फोटो.

निघताना सगळ्यांत म्हाताऱ्या कारागिराने, हाज्ज बयूमी यांनी, हात धरला. म्हणाले, बेटा, हे दाखवलं की आम्ही राहतो ना?

म्हटलं, इन्शाल्ला.

हाज्ज म्हणाले, इन्शाल्ला मी पण म्हणतो. मी तुला विचारलं.

वयाने माणसं जरा चिकट होतात.

बुधवार, २२ ऑक्टोबर

मोठा शोध.

साचा डावीकडून उजवीकडे जातो. आपण वाचतो उजवीकडून डावीकडे. त्यामुळे सगळं कसं पाहुणा भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं दिसत होतं. दोन आठवडे काहीतरी खुपत होतं ते हेच.

उपाय सापडला. सगळं निवडायचं आणि आरशासारखं उलटवायचं. एकच बटण. चित्रं, चौकटी, आलेख, सगळं एकदम वळलं. आता स्लाइड्स अरबी बोलतात.

किरकोळ गोष्टी उरल्या. कंपनीचं बोधचिन्ह उलटं झालं होतं, ते मी ताबडतोब ओळखून सरळ केलं. अवद डावखुरा झाला. शोभतो. आलेख मी मादामच्या कागदावरून चित्र म्हणून चिकटवला होता. त्यातले आकडे आणि सालं आरशात बघितल्यासारखी उलटी आली. पुन्हा लिहायची म्हणजे अर्धा दिवस. मग डॉक्टर नझीह आठवले. आकडे हे शत्रू. सगळे पुसून टाकले. सालंही पुसली. आता काळ्या पडद्यावर फक्त एक सोनेरी रेघ. उजवीकडून निघते आणि डावीकडे चढत जाते. पैगंबरांच्या भाषेच्या दिशेने चढते.

इतकं स्वच्छ काम मी आजवर केलं नव्हतं.

रविवार, २६ ऑक्टोबर

घरी रंगीत तालीम. प्रेक्षक: नगवा. भिंतीवरचा काबाचा फोटो काढून तिथे स्लाइड्स पाडल्या.

थांबे उत्तम जमले. एका थांब्यात नगवाला वाटलं मला काही होतंय. पाणी घेऊन आली.

सोनेरी रेघेपाशी ती म्हणाली, ही खाली का येतेय?

म्हटलं, खाली येत नाही, वर जाते. उजवीकडून बघ.

तिने उजवीकडून बघितलं. म्हणाली, हो, उजवीकडून वर जाते. पण मी डावीकडून बघितली होती.

म्हटलं, का?

म्हणाली, काय माहीत. शाळेत तशीच बघायचो. तू तिथे बाण काढ, नाहीतर 'वाढ' असं लिही.

मी तिला समजावलं की शब्द कसे शत्रू असतात. ती म्हणाली, मग बोलायला तरी परवानगी आहे का तुला? आणि भांडी घासायला गेली. तालीम तिथेच संपवली. बहुतेक भावूक झाली होती.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मादाम इब्तिहाल म्हणाल्या, जाण्याआधी एकदा स्लाइड्स दाखवा, आकडे तपासून देते. म्हटलं, मादाम, आकडे नाहीतच, चूक कुठून होणार? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक असावं.

कारागिरांनी मुशब्बक मिठाईचा मोठा डबा आणून दिला, मंडळासाठी, अजून गरम, पाक कागदातून बाहेर येतोय. अवदने लाकडाचा एक गुलाब दिला, मुठीत मावेल एवढा. म्हणाला, हा जनरलसाहेबांच्या टेबलावर ठेव आणि गप्प बस. बाकी तो बोलेल.

भावना समजली. पण डॉक्टर नझीह स्पष्ट सांगतात: हातात वस्तू दिली की लोकांची नजर पडद्यावरून हटते. गुलाब बॅगेतच ठेवायचा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. कैरो. रात्री हॉटेलवर.

जमलं. सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळच्या मायक्रोबसने पोचलो. मंडळाची खोली थंडगार. सात माणसं. मध्ये जनरलसाहेब, निवृत्त, तरी पाठ ताठ. प्रोजेक्टरची वायर जुळेना. एक कारकून बिचारा घामाघूम झाला. मी शांत होतो. थांब्यांचा सराव कामी आला.

सुरुवात नाईल नदीच्या चित्रफितीने केली. मग पडदे उघडतात तशा स्लाइड्स. काळ्या स्लाइड्सवर मी थांबत होतो. तिसऱ्या काळ्या स्लाइडला जनरलसाहेबांनी विचारलं, दिवे गेले का? सगळे हसले. वातावरण हलकं झालं, हे चांगलं लक्षण.

मग म्हणाले, मुहंदिस, मुद्द्यावर कधी येणार? म्हटलं, अगदी बरोबर बोललात. पूल. आणि सरळ आलेखावर गेलो.

सोनेरी रेघ. काळा पडदा. मी थांबलो. खोलीत आवाज नाही. कुणी मुशब्बक खात होतं तेही थांबलं. हा क्षण मी महिनाभर मनात बघत होतो.

जनरलसाहेब पुढे झुकले. म्हणाले, म्हणजे मागणी दरवर्षी घसरतेय.

मी म्हणालो, अगदी बरोबर बोललात, जनरलसाहेब.

आणि थांबलो. आता त्यांना पुलावरून माझ्या बाजूला आणायचं होतं. ते पुलावर होते. मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात त्यांनी समोरची फाइल मिटली. उभे राहिले. म्हणाले, मंडळी, अठरा वर्षं मी या टेबलाशी बसतोय. प्रत्येक विभागप्रमुख येतो आणि रडतो. आपल्या विभागाचं खरं तोंडावर सांगणारा हा पहिला.

टाळ्या. सात जणांनी. कारकुनानेही.

मी छातीवर हात ठेवून मान लववली. अशा वेळी बोलू नये.

खाली येऊन दोन प्लेट कुशरी खाल्ली. नगवाला फोन केला. टाळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, अवद वाचला का? म्हटलं, टाळ्या वाजल्या, नगवा. ती म्हणाली, ते ऐकलं. वाचला का? म्हटलं, इतक्या टाळ्यांनंतर कुणी कुणाला काढत नाही.

एका ठिकाणी संभाषण जरा निसटलं असं वाटतं. पण एकंदर परिणाम पाहता त्याला अर्थ नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

परत आलो. कारखान्यात स्वागत. टाळ्यांचं पुन्हा सांगितलं. हाज्ज बयूमींनी कपाळाचा मुका घेतला. अवदने रात्री जेवायला बोलावलं. बदक, पोटात कांदा भरलेलं, एक नाही दोन. त्याची पोरगी लाजून पाणी देत होती. अवद म्हणाला, आज हॉलचे पैसे भरून आलो, अबू दालिया. तुझं नाव सांगितलं तर हॉलवाल्या म्हाताऱ्याने खुर्च्यांचं भाडं सोडलं.

नगवाने सगळ्यांसमोर माझ्या ताटात दुसरी तंगडी वाढली. फार दिवसांनी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मादाम इब्तिहाल म्हणाल्या, आता तरी स्लाइड्स दाखवा. दाखवल्या. आलेखाला त्या खुर्चीवरून उठल्या.

म्हणाल्या, बाशमुहंदिस, ही रेघ उलटी आहे.

म्हटलं, उजवीकडून बघा.

म्हणाल्या, उजवीकडून कोण बघतं? अक्षरं आपण उजवीकडून वाचतो. आलेख डावीकडून. तुम्ही, मी, जनरलसाहेब, सगळे. फळ्यावर तसंच काढायचे. सालं कुठे आहेत?

म्हटलं, पुसली.

म्हणाल्या, जनरलसाहेबांनी काय विचारलं?

सांगितलं.

म्हणाल्या, आणि तुम्ही?

सांगितलं.

मादाम परत खाली बसल्या. त्यांनी थोडा वेळ डोळ्यांवर हात ठेवला. मग म्हणाल्या, फोन करा. आत्ता. माझ्यासमोर.

मी शांत राहिलो. कैरोला जनरलसाहेबांच्या सेक्रेटरीला, मादाम शाहीनाझ यांना, इब्तिहालनीच फोन लावला. शाहीनाझ म्हणाल्या, विभाग बंद करायचा आदेश तयार होतोय, सही वीस तारखेला. साहेब रोज दुपारी टेबलावर असतात. पण बोलले ते मुहंदिस राफत. आता फिरवायचं तर त्यांनीच फिरवावं. दुसऱ्या कुणाचं साहेब ऐकायचे नाहीत.

म्हणजे वेळ भरपूर आहे. आणि सगळं माझ्याच हातात आहे, ही त्यातली चांगली बाजू.

दोष साच्याचा. परदेशी माणसांनी अरबी वाचकाचा विचार करायला हवा होता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

विचार केला. फोनवर काय सांगणार? रेघ उलटी होती? ऐकायला किती वाईट वाटतं. डोळ्यांना जे चुकीचं दिसलं ते डोळ्यांनाच बरोबर दाखवलं पाहिजे. तेव्हा दुरुस्तीचं वेगळं सादरीकरण. छोटं. एकच स्लाइड.

आज मथळा ठरवला: 'थोडं स्पष्टीकरण'. नंतर खोडला, अपराधी वाटतो. 'दुसरी नजर'. हे चांगलं आहे.

घरी काही सांगितलेलं नाही. बदकाला अजून आठवडाही झाला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रंगाचा प्रश्न. लाल घेतला तर आग लागल्यासारखं. हिरवा घेतला तर उसाच्या रसाचं दुकान. सोनेरी पुन्हा वापरला तर जुन्या आलेखाची आठवण.

मादाम रोज सकाळी दारात उभ्या राहतात. फोन केला? आज म्हणाल्या, बाशमुहंदिस, मी तुम्हाला कागद दिला होता, तो फॅक्स करू? म्हटलं, आता कागदाने गोंधळ वाढेल. त्या म्हणाल्या, गोंधळ कुठे आहे, त्यांना तर सगळं स्पष्ट कळलंय.

या वयाच्या बायका टोचून बोलतात. दुर्लक्ष करतो.

संकल्प: शनिवारपर्यंत पूर्ण.

रविवार, १६ नोव्हेंबर

नगवाला कळलं. मादामकडून. बाजारात भेटल्या म्हणे.

मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, फोन कर.

मी पुलाचं तंत्र समजावायला लागलो. ती म्हणाली, राफत, फोन उचल आणि म्हण, साहेब, मी चुकलो, विभाग वाढतोय. मी शेजारी बसते. तू म्हणून टाक, मग मी तुला चहा करते, मग आपण हे कधी बोलणार नाही.

फोन हातात घेतला होता. नंबरही लावला. पहिली घंटा वाजली आणि लक्षात आलं की पहिलं वाक्य काय म्हणायचं हे ठरवलेलंच नाही. तयारीशिवाय बोलणं म्हणजे जुनीच चूक पुन्हा करणं. ठेवून दिला.

नगवा उठली. मग उशी घेऊन दालियाच्या खोलीत गेली. दालिया मनसूराच्या होस्टेलवर असल्यापासून ती खोली रिकामीच असते. लॅपटॉपच्या उजेडाने तिला झोप येत नसावी.

बुधवार, १९ नोव्हेंबर

तयार. शेवटी एका स्लाइडमध्ये मावलं नाही. सतरा झाल्या. पण या वेळी सालं आहेत, आकडे आहेत, बाणही आहे. बाण सावकाश उगवतो. माझं आजवरचं सर्वोत्तम काम. दुसऱ्या कोर्सला गेलो तर डॉक्टर नझीहना दाखवण्यासारखं.

दुपारी पाठवायला गेलो. फाइल जड, ईमेलमधून जाईना. बाणामुळे असेल. बाण काढला तर अर्थच जातो. उद्या सकाळी कॉम्प्युटरवाल्याकडून हलकी करून घेतो.

फोन करावा असं संध्याकाळी एकदा मनात आलं. पण इतकं काम झाल्यावर फोन करणं म्हणजे कामाचा अपमान.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फाइल गेली. तासाभरात मादाम शाहीनाझ यांचं उत्तर:

'मुहंदिस राफत, पाहिलं. रंगसंगती फारच सुंदर. आदेशावर सकाळी सह्या झाल्या, गाडीने निघालाही. तुमची आठवण साहेब काढतात.'

परत परत वाचलं. रंगसंगती निळी ठेवली होती. शेवटी निळीच.

रविवार, २३ नोव्हेंबर

आदेश कारखान्यात वाचला. कैरोची सूचना होती की विभागप्रमुखाने वाचावा. पडदा लावावा का असं एकदा वाटलं. नाही लावला. कागद हातात धरून वाचला. तीन मिनिटंही लागली नाहीत.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर पुलाचं तंत्र वापरता आलं असतं.

छिन्न्या कंपनीच्या नसतात, ज्याच्या त्याच्या असतात. कुणाला बापाकडून आलेल्या, कुणाला सासऱ्याकडून. प्रत्येकाने आपापल्या पुसल्या, कापडात गुंडाळल्या, काखेत घेतल्या. हाज्ज बयूमींना आपली एक सापडेना. चौघे जमिनीवर बसून भुशात शोधत होते. मीही बसलो. एकजण म्हणाला, उठा बाशमुहंदिस, पँट खराब होईल. आवाजात काही नव्हतं, म्हणून उठलो.

दारात इस्त्रीच्या शर्टवाला म्हणाला, टाळ्या वाजल्या म्हणाला होतात.

म्हटलं, वाजल्या होत्या.

तो म्हणाला, मग ठीक.

अवद सगळ्यांत शेवटी गेला. माझ्याकडे बघितलं नाही. हॉलचे पैसे परत मिळत नाहीत, हे नगवाने सांगितलं. तिने एवढंच सांगितलं. आज दिवसभरात.

मंगळवार, २ डिसेंबर

कैरोहून पत्र. जनरलसाहेबांच्या शिफारशीवरून इतर विभागप्रमुखांना 'प्रामाणिक सादरीकरण' शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर. पगार तोच, पद नवं.

मादाम इब्तिहालना दाखवलं. त्यांनी वाचलं, आवक-शिक्का मारला, परत दिलं.

पहिल्या वर्गाच्या स्लाइड्स सुरू करायला हव्यात. आज बसलो होतो. साचा उघडला. बंद केला.

रविवार, १४ डिसेंबर

अवदकडे गेलो. शहराबाहेर एक जण तयार किचनची कपाटं बनवतो, तिथे तो फळ्या कापायच्या यंत्रावर लागलाय. फळ्या सपाट, पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या. कोरायला त्यात काही नसतं. छिन्न्या दिसल्या नाहीत, विचारलं नाही.

त्याने यंत्र थांबवलं. म्हणाला, या, अबू दालिया. चहा मागवला. साखर किती, हे त्याला अजून आठवतं.

लग्न पुढे ढकललंय. मुलाकडचे चांगले आहेत, थांबतो म्हणाले. दिवाणखाना मात्र साधा घेणार, नक्षीशिवाय. हे तोच सांगत होता, हसत.

मी म्हटलं, तुला एकदा नीट समजावून सांगायचंय. नेमकं झालं काय ते. तो म्हणाला, सांग.

यंत्राच्या फळीवर भुशाचा थर होता. त्यात बोटाने रेघ काढली. आधी उलटी, तिथे दाखवली होती तशी. मग तिच्याखाली सरळ. खाली सालं लिहिली. शेजारी आकडे. सगळे पाठ आहेत मला. साचा, आरसा, दिशा, पूल, सगळं क्रमाने सांगितलं. मध्ये कुठेही थांबलो नाही.

अवद खाली वाकून दुसरी रेघ बघत होता. मग म्हणाला, म्हणजे धंदा वाढत होता.

म्हटलं, हो.

म्हणाला, आणि तू तिथे उभा होतास तेव्हा तुला हे माहीत होतं?

म्हटलं, हो.

त्याने चहाचा ग्लास खिडकीत ठेवला. तळव्याने फळी साफ केली आणि यंत्र सुरू केलं.

मी अजून काहीतरी सांगत होतो. यंत्राच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही.